दुप्पट ओतलं तरी पारा तेवढाच

गेल्या महिन्यात या पानावर मी लिहिलं होतं की आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, आणि मिश्रण तापतं. ‘तापतं’ या एका शब्दावर इतकी पत्रं आली की आजचं सगळं पान त्यालाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते : माझी नोकरी लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत, सांडपाणी प्रक्रिया विभागात झाली. ॲसिडचं पाणी आलं की ते न्यूट्रल म्हणजे उदासीन (ना आम्ल, ना आम्लारी) करून पुढे सोडायचं, हे रोजचं काम. आता चिपळूणला असते.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. प्रात्यक्षिकात तिने एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 50 मिली आणि एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड 50 मिली एकत्र केलं. तापमान 33 वरून 39.2 वर गेलं. तिच्या मैत्रिणीने ‘जास्त तापेल’ म्हणून दोन्ही 100-100 मिली घेतलं, तर वाढ 6.4 अंशच. सर म्हणाले, बरोबर आहे. दुप्पट रसायन घेऊन दुप्पट का तापत नाही? शिवाय मोलमागे सुटणाऱ्या उष्णतेचं मुलीचं उत्तर 51.8 किलोज्यूल आलं, पुस्तकात 57 आहे. मार्क जातील का?
— एक पालक, बार्शी

उत्तर : मार्कांचं परीक्षकांना ठाऊक. पण जर्नलमध्ये 57.1 लिहून उलटा हिशेब करून तापमान भरणाऱ्या पोरांपेक्षा तुमची मुलगी पुढे आहे, हे तिला जरूर सांगा.

आधी दुपटीचं बघू. मोल म्हणजे कण मोजायचं रसायनातलं माप, डझनासारखं; लिटरभर द्रावणात एक मोल असेल तर ते एक मोलर. एक मोल आम्ल आणि एक मोल आम्लारी भेटले की साधारण 57 किलोज्यूल उष्णता सुटते. 50 मिली एक मोलर द्रावणात 0.05 मोल असतो, म्हणजे सुटली सुमारे 2.85 किलोज्यूल. ही उष्णता तापवणार कशाला? त्या दोघांच्या मिळून झालेल्या 100 मिली पाण्याला. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला 4.18 ज्यूल लागतात, म्हणजे 100 ग्रॅमला 418. भागाकार करा, 6.8 अंश येतात. मैत्रिणीकडे उष्णता दुप्पट सुटली हे खरं, पण तापवायला पाणीही दुप्पट होतं. भागाकार तोच. पिंपभर घेतलं असतं तरी पारा साडेसहा-सात अंशच चढला असता.

पारा जास्त चढवायचा तर द्रावणं जास्त संहत, म्हणजे घट्ट, हवीत. दोन्ही दोन मोलर घेतली तर वाढ जवळजवळ दुप्पट होईल. पुढची तीन उत्तरं याच गोष्टीवर उभी आहेत, तेव्हा ही ओळ नीट वाचून ठेवा : किती उष्णता सुटली ते मोलवर ठरतं, किती तापलं ते संहतीवर.

आता 51.8 कडे. यात दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी शाळेत सहसा कोणी सांगत नाही. पहिली म्हणजे गळती. थोडी उष्णता भांडं घेतं, थोडी हवेत जाते. शंभर ग्रॅम वजनाच्या काचेच्या चंचुपात्रात हा प्रयोग केला असता, तर काचेनेच सहावा भाग गिळला असता आणि पारा 5.7 च्या पुढे गेला नसता. म्हणून थर्माकोलचा कप वापरायची पद्धत होती. 2018 च्या बंदीनंतर तो महाराष्ट्रातल्या टपरीवरून गेला. रुंद तोंडाचा छोटा थर्मास किंवा दुहेरी स्टीलचा ग्लास आणि वर पुठ्ठ्याचं झाकण, हेही चांगलं चालतं. मैत्रिणीची वाढ 6.4, तुमच्या मुलीची 6.2, हा फरकही त्यातलाच आहे. माल जास्त असला की भांड्याने खाल्लेला वाटा त्या मानाने कमी पडतो. मैत्रिणीचं उत्तर 53.5 येईल, करून बघा. आणखी एक चोर म्हणजे कॉस्टिकची बाटली. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे लेबलवर एक मोलर असलं तरी आत थोडं कमीच असतं. वापरायच्या आधी टायट्रेशन करून, म्हणजे माहीत असलेलं आम्ल थेंबाथेंबाने घालून, खात्री करावी.

दुसरी गोष्ट अशी. 57 च्या घरातला आकडा 18 ते 20 अंशांच्या आसपासचा आहे. युरोपातल्या प्रयोगशाळेत तो ठीक. विरल द्रावणांसाठी 25 अंशांना तोच आकडा 55.8 होतो, आणि तापमान जसं वाढतं तसा दर अंशामागे साधारण 0.2 किलोज्यूलने घसरतो. बार्शीच्या 33 अंशांत तो 54 च्या जवळ यायला हवा. म्हणजे मुलीच्या उत्तराची तुलना 57 शी करायचीच नव्हती. 54 शी केली तर तिचं 51.8 अगदी व्यवस्थित आहे, आणि मैत्रिणीच्या 53.5 ला मी पैकीच्या पैकी देईन.

प्रश्न : हायड्रोक्लोरिक घ्या, नायट्रिक घ्या, सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी पोटॅशियमचं घ्या, आकडा तोच येतो. ॲसेटिक आम्लाचा मात्र थोडा कमी. विद्यार्थी विचारतात, मी ‘सौम्य आम्ल आहे म्हणून’ सांगून मोकळा होतो. याहून चांगलं काय सांगता येईल?
— एक शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : सर, आकडा तोच येतो हेच एकोणिसाव्या शतकातलं मोठं कोडं होतं. जिनिव्हात जन्मलेला आणि सेंट पीटर्सबर्गला काम केलेला जर्मेन हेस 1840 च्या आसपास आम्लं आणि आम्लारी मिसळून उष्णता मोजत होता. उष्णतेच्या बेरजेचा त्याचा नियम आपण शिकवतोच, पण त्याचं दुसरं निरीक्षण मुलांना सहसा कळत नाही : दोन उदासीन क्षारांची द्रावणं एकमेकांत ओतली, तर उष्णता जवळजवळ सुटतच नाही. मिठाच्या द्रावणात पोटॅशियम नायट्रेटचं द्रावण ओता, पारा ढिम्म. पुढे कोपनहेगनला जुलियस थॉमसनने आणि पॅरिसला बर्थेलोने आयुष्यं घालवून आकड्यांची रास उभी केली. तीव्र आम्लांचा आकडा पुन्हा पुन्हा तोच.

उत्तर आलं ते स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसकडून. त्याच्या 1884 च्या प्रबंधाला विद्यापीठाने जेमतेम गुण दिले होते. त्याच कामाला 1903 मध्ये नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं होतं की ही आम्लं आणि आम्लारी पाण्यात आधीच आयनांमध्ये, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांमध्ये, फुटलेली असतात. सोडियम आणि क्लोराइड मिसळण्याआधी सुटे होते, मिसळल्यावरही सुटेच राहिले. ते नुसते प्रेक्षक. प्रत्यक्षात घडतं एवढंच की हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होतं. प्रत्येक तीव्र जोडीत अभिक्रिया हीच एक असेल, तर आकडा वेगळा येईल कसा? आणि हेसच्या दोन क्षारांत पाणी तयारच होत नाही, मग तापणार काय?

सौम्य आम्ल फुटलेलं नसतं. ते फोडायला थोडी उष्णता खर्ची पडते, म्हणून ॲसेटिकचा आकडा किंचित कमी. अमोनियाला हायड्रोक्लोरिकने उदासीन केलं तर 52 च्या आसपास. हायड्रोसायनिक आम्ल तर इतकं घट्ट बांधलेलं आहे की हाती जेमतेम 12 किलोज्यूल उरतात. हे आकडे फळ्यावर लिहा आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लाचा लिहा : 68. तेही सौम्यच आम्ल, तरी तीव्र आम्लांपेक्षा जास्त! वर्गातलं चुणचुणीत पोर इथे हात वर करेल. फ्लोराइड आयन छोटा असतो, पाण्याचे रेणू त्याला घट्ट वेढतात आणि त्यातून इतकी उष्णता सुटते की आम्ल फोडण्याचा खर्च भरून वर शिल्लक राहते. तेव्हा ‘सौम्य म्हणजे कमी’ हे वाक्य पुसून टाका. फोडायला किती गेले आणि वेढायला किती मिळाले, हे दोन्ही विचारायला शिकवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एकाने तुंबलेल्या मोरीत आधी संडास साफ करायचं ॲसिड ओतलं. फरक पडेना म्हणून वरून ड्रेन मोकळी करायची पांढरी पावडर टाकली. एकदम फसफसून गरम पाणी उडालं, हाताला भाजलं. दोन्ही वस्तू दुकानात शेजारी मिळतात. मग असं का झालं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शेजारी मिळतात म्हणून एकत्र वापरायच्या नसतात, हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही.

संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे तीन मोलरच्या जवळपास. पांढरी पावडर किंवा दाणे म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा, तोही घन. इथे उष्णता दोन वाटांनी येते. घन कॉस्टिक नुसतं पाण्यात विरघळलं तरी मोलमागे 44 किलोज्यूल सुटतात. वर उदासिनीकरणाचे 55-57. म्हणजे 40 ग्रॅम कॉस्टिकमागे शंभर किलोज्यूल. समजा मोरीत अर्धा लिटर ॲसिड साचलं होतं आणि त्यावर मूठभर, 60 ग्रॅम दाणे पडले. हिशेबाने पाणी सत्तर अंशांनी तापतं. मुंबईतलं नळाचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश धरलं तर झालं की जवळपास उकळतं! बरं, ही उष्णता सगळ्या पाण्यात सारखी पसरत नाही, दाण्याभोवतीच साठते. तिथलं पाणी आधी वाफ होतं आणि वरचं पाणी उडवतं. तुंबलेल्या पाइपात वाफेला वाट एकच, वरची.

काही पावडरींत ॲल्युमिनियमचे बारीक तुकडेही असतात. कॉस्टिकमध्ये त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, तो वेगळाच. आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी पडलं तर क्लोरीन. तिथे उष्णतेची गोष्ट करण्याआधी माणसाला घराबाहेर काढावं लागतं.

एकदा एक वस्तू टाकली की भरपूर पाण्याने वाहून जाईपर्यंत दुसरी नाही. पाणी हलत नसेल तर प्लंबर बोलवा, आणि आत काय ओतलंय ते त्याला आधी सांगा. हे न सांगता त्याला हात घालायला लावणारे लोक पाहिलेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

प्रश्न : मी केमिकल प्लांटमध्ये शिकाऊ आहे. आमच्याकडे टँकरभर ॲसिड आणि टँकरभर कॉस्टिक असतं. तेही शेवटी एकमेकांतच घालतात ना? मग टाकी उकळत का नाही?
— एक वाचक, खेड

उत्तर : घाईने घातली तर उकळते! बाजारातलं 32 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक म्हणजे लिटरला दहा मोल. ते उदासीन करायला 48 टक्क्यांची कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं घट्ट द्रावण) अर्ध्या लिटरहून थोडी जास्त पुरते. मिळून वजन दोन किलो आणि उष्णता पावणेसहाशे किलोज्यूल. तुमच्या शिफ्टमधल्या कोणालाही हिशेब करायला सांग, साध्या पाण्याचा आकडा धरला तरी सत्तर अंशांच्या आसपास वाढ निघेल.

म्हणून आम्ही आधी पाणी घ्यायचो. उष्णता तेवढीच सुटते, पण ती शोषायला दहापट पाणी हजर असतं. मग ढवळणी चालू, मगच डोसिंग म्हणजे लाय सोडणं, तेही बारीक धारेने, आणि टाकीच्या थर्मामीटरवर नजर. पीव्हीसीची पाइपलाइन साठ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागते, हे नव्या मुलांना कोणी सांगत नाही. ढवळणी बंद असताना डोसिंग सुरू ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. लाय जड, ती तळाला जाऊन बसते. वरचा पीएच मीटर (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) ‘अजून आम्लच’ म्हणतो, ऑपरेटर आणखी सोडतो, आणि मग कोणीतरी येऊन ढवळणी चालू करतो. तळाचं आणि वरचं एका क्षणात भेटतं. त्या वेळी टाकीच्या कट्ट्यावर उभं राहू नये.

शेवटचा टप्पा तर चिमटीने करायचा. पीएच 3 वर असताना बादलीभर लाय घातली तरी काटा फारसा हलत नाही. 5 च्या पुढे गेला की तो पळतो. बाहेर सोडायच्या पाण्याला पीएच 5.5 ते 9 ही मर्यादा आहे हे तुला माहीत असेलच. तापमानालाही आहे : ज्या पाण्यात सोडायचं त्यापेक्षा पाच अंशांहून जास्त गरम नको. न्यूट्रल झालं म्हणजे लगेच सोडायला तयार झालं, असं नाही.

आणि गंधकाम्ल (सल्फ्युरिक ॲसिड) असेल तर वेगळा जीव. त्याला नुसतं पाण्यात सोडलं तरी ते पेटल्यासारखं तापतं, म्हणून ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. विरल केल्यावरही उदासीन होताना ते हायड्रोक्लोरिकपेक्षा जास्त उष्णता देतं, हायड्रोजन आयनामागे 66 किलोज्यूलच्या आसपास.

प्रश्न : इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरताना मिस्टरांच्या हातावर ॲसिड उडालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, चुना लावा, ॲसिड मरतं. आम्ही पाण्याने धुतलं. बरोबर केलं का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : अगदी बरोबर. काकूंचं रसायनशास्त्र चुकलं नाही, जागा चुकली. चुना ॲसिड मारतो, पण मारताना सुटणारी उष्णता कातडीवरच सुटते, आणि आधीच पोळलेल्या जागी. शिवाय मोजून चुना कोण लावणार? जास्त झाला तर तोही आम्लारीच, तोही कातडी खातो. पाणी उदासीन करत नाही. ते ॲसिड विरल करून वाहून नेतं आणि उष्णताही सोबत नेतं. नळाखाली वीस मिनिटं धरायचं, अंगठी-घड्याळ काढून, ॲसिड लागलेले कपडे उतरवून. डोळ्यात गेलं तर तसंच धुवायचं आणि डॉक्टरकडे, धुणं न थांबवता जाता आलं तर उत्तम.

चुन्याचा विषय निघालाच आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुलांच्या हातात देऊ नका. दाबली की फुटते आणि चुना सरळ डोळ्यात. डोळ्याला आम्लापेक्षा आम्लारी जास्त घातक, कारण ती आत झिरपत राहते. डोळ्यात चुना गेला तर त्यावर लिंबू पिळणारे महाभागही असतात! तिथेही पाणीच, आणि तेही लगेच.

फरशीवर सांडलेलं बॅटरीचं ॲसिड मात्र खायचा सोडा टाकून खुशाल मारा. का, ते शेवटच्या पत्रात येतंय.

प्रश्न : साखर कारखान्यात चुना भिजवायच्या ड्रमला हात लावता येत नाही इतका तो तापतो. पण तेच चुन्याचं दूध उसाच्या रसात सोडलं की रस गरम झालेला जाणवत नाही. रस तर आंबट असतो.
— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : ड्रममधलं तापणं हे उदासिनीकरण नव्हे. तिथे कळीचा चुना पाण्याशी संयोग पावून विरलेला चुना होतो. एक किलो चांगल्या कळीच्या चुन्यातून साडेअकराशे किलोज्यूल सुटतात, त्यात साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता ड्रममध्येच संपते. पुढे रसात उरतं ते निव्वळ उदासिनीकरण. रसाचा पीएच पाचच्या थोडा वर, म्हणजे त्यात आम्ल थोडंच. एका टन रसाला दोन किलो चुना लागला आणि तो सगळा आम्ल मारण्यातच खर्च झाला असं धरलं, तरी टनभर रस जेमतेम एक अंशाने तापेल. वाफेवरच्या ज्यूस हीटरमधून पुढे सत्तर अंशांवर जाणाऱ्या रसात तो एक अंश कोणाला कळणार?

प्रश्न : आजी, लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला तर फेस येतो. पण ग्लास गार लागतो. आम्ल आणि आम्लारी तापतात ना?
— इयत्ता सातवी, नागपूर

उत्तर : शाब्बास, हात लावून बघितलंस! गार लागतो तो खरोखरच गार होतो.

कॉस्टिक सोड्यातला हायड्रॉक्साइड मोकळा असतो. खायच्या सोड्यात तो कार्बन डायऑक्साइडला चिकटलेला असतो. आम्ल आलं की पाणी तयार होतं आणि त्यातून 56 किलोज्यूलची जमा होते. पण तो कार्बन डायऑक्साइड सोडवून वायू करून बाहेर घालवायला 68 खर्च होतात. जमेपेक्षा खर्च 12 ने जास्त. तो भरायला उष्णता कुठून आणणार? रसातूनच. त्यात सोड्याचे कण विरघळतात, तेही उष्णता घेऊनच. म्हणून रस थंड पडतो. मघाशी परभणीच्या पत्राला उत्तर देताना फरशीवरच्या ॲसिडवर सोडा टाका म्हटलं ते याचमुळे. ॲसिड मरतं, फेस येतो, पण उकळत नाही. अशा उष्णता घेणाऱ्या अभिक्रियेला उष्माग्राही म्हणतात.

आता मोजून बघ. मोठ्या लिंबाचा रस स्टीलच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या छोट्या पेल्यात घे. रस आणि सोडा दोन्ही तासभर एकाच खोलीत ठेव, नाहीतर फ्रिजमधल्या लिंबाने सगळी गंमत घालवशील. मग सपाट चमचा सोडा थोडा थोडा टाक, एकदम टाकलास तर ओट्यावर फेस आणि आईची बोलणी. चार-पाच अंश उतरायला हवेत. थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतला आण. घरातला तापाचा घेऊ नकोस, तो अंगाच्या तापमानाच्या फार खालचं काही दाखवतच नाही.